ग्रीकांचा सूर्यदेव आणि एम्माबाईंची आई

एम्मा लाझारस यांची ‘द न्यू कोलोसस’ ही कविता सगळी मिळून चौदा ओळींची. तिच्या शेवटच्या चार-पाच ओळी अमेरिकेत शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. थकल्याभागल्यांना, गोरगरिबांना, बेघरांना माझ्याकडे पाठवा, असा त्यांचा मतलब. रशियातून लहानपणी इथे आलेले आपले यहुदी संगीतकार आर्व्हिंग बर्लिन यांनी १९४९ च्या ‘मिस लिबर्टी’ या संगीतिकेसाठी या ओळींना चाल लावली आणि तेव्हापासून त्या गायल्याही जातात. कवितेचा आरंभ मात्र सहसा कोणी म्हणत नाही. आरंभी एक ग्रीक देव पाय फाकून उभा आहे आणि एम्माबाई त्याला सांगत आहेत की आमची बाई तुझ्यासारखी नाही.

आपल्या मासिकाच्या वाचकांना हा ग्रीक देव परका वाटेल. पण यहुदी माणसाला ग्रीक देव परके कधीच नव्हते. ते शेजारी होते, कधी शत्रू होते आणि एकदा तर थेट बेथ हमिकदाशात येऊन बसले होते. म्हणून ही कविता शेवटाकडून नव्हे, आरंभाकडून वाचून पाहावी असे मला वाटते.

एम्माबाईंचा जन्म न्यूयॉर्कचा, १८४९ सालचा. घराणे सेफार्दी, अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेले. वडील मोझेस लाझारस साखर शुद्ध करण्याच्या धंद्यात श्रीमंत झालेले. मुलीच्या कवितांचे पहिले पुस्तक १८६६ साली वडिलांनीच छापून दिले, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. पुढे राल्फ वाल्डो इमर्सन यांच्याशी तिचा परिचय झाला आणि १८७१ सालचे दुसरे पुस्तक तिने त्यांनाच अर्पण केले. त्या पुस्तकाचे नाव ‘अ‍ॅडमेटस अँड अदर पोएम्स’. आत अ‍ॅडमेटस आहे, ऑर्फियस आहे, जर्मन दंतकथांतले लोहेनग्रिन आणि टॅनहॉयझर आहेत. सुशिक्षित अमेरिकन कवीने त्या काळी ज्यांच्यावर लिहावे अशी अपेक्षा होती, ते सगळे हजर आहेत.

अ‍ॅडमेटसची गोष्ट आपल्याकडे सांगायची तर सावित्रीपासूनच सुरुवात करावी लागेल. कोकणात ज्यांचे बालपण गेले त्यांना शेजारणी वडाला सूत गुंडाळताना आठवतील. अ‍ॅडमेटस हा फेराई नगरीचा राजा. त्याच्या बदल्यात दुसरे कोणी मरायला तयार झाले तर तो वाचेल, असा वर अपोलो देवाने त्याला मिळवून दिलेला असतो. म्हातारे आईबाप नाही म्हणतात. बायको अल्सेस्टिस हो म्हणते आणि मरते. मग घरी पाहुणा आलेला हर्क्युलस मृत्यूशी कुस्ती खेळतो आणि तिला परत आणतो. सावित्रीने यमाला बोलण्यात जिंकले, इथे पैलवानाने जोर लावून जिंकले. आणि सावित्री नवऱ्यासाठी भांडली, तर अ‍ॅडमेटस बायकोला मरू देऊन नंतर रडत बसला. मला ही गोष्ट ग्रीकांच्या उत्तम गोष्टींपैकी वाटते, कारण त्या राजाची लाज तिच्यात झाकलेली नाही. एम्माबाईंनी ती सफाईने लिहिली आहे. पण वाचून संपली की लिहिणारी कोण होती हे कळत नाही. लंडनमधल्या कुठल्याही सुविद्य तरुणाने ती लिहिली असती. इमर्सन यांनी पुढे १८७४ साली ‘पर्नासस’ नावाचा कवितासंग्रह संपादित केला, त्यात एम्माबाईंची एकही कविता घेतली नाही. त्यांना ते फार लागले आणि तसे पत्र त्यांनी इमर्सन यांना लिहिले. पर्नासस म्हणजे ग्रीकांच्या काव्यदेवतांचा डोंगर. त्या डोंगरावर तिला जागा मिळाली नाही, असे म्हणायचा मोह होतो, आणि म्हणतोच.

१८८१ पासून रशियात यहुद्यांवर हल्ले सुरू झाले. हजारो माणसे पळून न्यूयॉर्कला पोचली. त्यांतल्या बऱ्याच जणांना वॉर्ड्स आयलंड नावाच्या बेटावर ठेवले होते. एम्माबाई तिथे गेल्या, त्यांनी ती माणसे पाहिली, त्यांच्यासाठी काम केले, आणि १८८२ साली ‘साँग्ज ऑफ अ सेमाइट’ हे पुस्तक काढले. त्यात मक्काबींच्या निशाणाची कविता आहे. अमेरिकन यहुद्यांना उद्देशून त्यांनी लेखमाला लिहिली आणि एरेत्झ इस्राएलमध्ये आपल्या लोकांचे घर असावे असे मांडले. हर्झल तेव्हा बावीस वर्षांचा विद्यार्थी होता. आपल्या लोकांनीही त्याच सुमारास, १८८० च्या आसपास, मुंबईत कीर्तनाचा घाट उचलून त्यात आब्राहाम आणि योसेफ यांच्या कथा बसवायला सुरुवात केली होती. शेजाऱ्याचे भांडे, आपले पाणी. न्यूयॉर्क आणि मुंबई यांना एकमेकींची गंधवार्ता नव्हती.

आता त्या पुतळ्याकडे येऊ. फ्रान्सने मूर्ती द्यायची आणि अमेरिकेने चौथरा बांधायचा, असा करार होता. मूर्ती तयार होत आली तरी चौथऱ्याला पैसा नव्हता. १८८३ च्या डिसेंबरात निधीसाठी एक कलाप्रदर्शन भरले, त्यासाठी नामवंतांकडून लेखन मागवले गेले. एम्माबाईंनी आधी नकार दिला. मागणीवरून कविता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. कॉन्स्टन्स कॅरी हॅरिसन या लेखिकेने त्यांना वॉर्ड्स आयलंडवरच्या रशियन यहुद्यांची आठवण करून दिली, तेव्हा कविता आली. चौथऱ्याचे पैसे शेवटी जोसेफ पुलित्झर यांनी १८८५ साली आपल्या वर्तमानपत्रातून उभे केले. एक लाख डॉलरांवर रक्कम, देणारे सव्वा लाखाच्या घरात, बहुतेकांचा डॉलरहूनही कमी वाटा. पुलित्झर हंगेरीतल्या यहुदी घरातले. २८ ऑक्टोबर १८८६ ला पुतळ्याचे उद्घाटन झाले, तेव्हा कवितेचे नाव कोणी घेतले नाही. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात अडतिसाव्या वर्षी एम्माबाई वारल्या. त्यांची मैत्रीण जॉर्जिना स्कायलर हिने खटपट करून १९०३ साली ही कविता कोरलेला पितळी पत्रा चौथऱ्याच्या आत बसवून घेतला. म्हणजे आज ती कविता आणि तो पुतळा आपल्याला जन्माची जोडी वाटते, पण पहिली सतरा वर्षे त्यांची गाठच नव्हती.

कवितेच्या पहिल्या ओळींत एम्माबाई म्हणतात की ही मूर्ती ग्रीकांच्या त्या प्रसिद्ध पितळी राक्षसासारखी नाही, जो दोन किनाऱ्यांवर दोन पाय टाकून विजेत्याच्या ताठ्यात उभा होता. हा राक्षस म्हणजे रोड्स बेटावरचा हेलिऑसचा पुतळा, जुन्या जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. हेलिऑस हा ग्रीकांचा सूर्य. आपल्या शेजाऱ्यांच्या सूर्याला सात घोडे, याला चार. बाकी रथ, सारथ्य, पूर्वेकडून पश्चिमेकडे रोजचा फेरा, सगळे तसेच.

इथे एम्माबाईंच्या हातून त्या देवावर अन्याय झाला आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय कविता पुरती समजत नाही. पहिली गोष्ट, हेलिऑस बंदरावर पाय फाकून उभा नव्हता. सत्तर हात उंचीचा, म्हणजे सुमारे शंभर फुटांचा ब्राँझचा पुतळा तसा उभा राहूच शकत नाही. ते चित्र नंतरच्या काळातल्या लोकांच्या कल्पनेतले. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्येही ते येते आणि तिथून शिकलेल्या माणसांच्या डोक्यात पक्के बसले. कवीला इतकी मोकळीक असावी, हे मान्य. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तो पुतळा जिंकणाऱ्यांनी उभारलेलाच नव्हता. इसवी सनापूर्वी ३०५ साली डेमेट्रियस नावाच्या सरदाराने रोड्सला वेढा घातला. वर्षभर झुंजून त्या छोट्या बेटाने त्याला परत लावले. तो मागे टाकून गेलेली युद्धयंत्रे विकून जो पैसा आला त्यातून लिंडोस गावच्या खारेस नावाच्या मूर्तिकाराने बारा वर्षे खपून तो हेलिऑस घडवला. त्याच्या अर्पणलेखाची म्हणून जी जुनी ग्रीक कविता उरली आहे, तिच्यात स्वातंत्र्याच्या प्रकाशाचा उल्लेख आहे. म्हणजे पहिली ‘स्टॅच्यू ऑफ लिबर्टी’ म्हणायची तर तीच. मोठ्या राजापुढे न वाकलेल्या लहान गावाने आपल्या देवाचे मानलेले ते आभार होते. मक्काबींची गोष्ट सांगणाऱ्यांना तर ही गोष्ट ओळखीची वाटावी.

शिवाय बार्थोल्डी या फ्रेंच मूर्तिकाराने न्यूयॉर्कच्या बाईच्या डोक्यावर सात किरणांचा मुकुट घातला, तो त्याच हेलिऑसच्या घराण्यातला. टाचेपासून डोक्यापर्यंत तिची उंची १११ फूट, म्हणजे रोड्सच्या देवाच्या जवळपास. जिला एम्माबाई ‘त्याच्यासारखी नाही’ म्हणतात, ती तोंडवळ्याने त्याचीच मुलगी शोभेल.

मग एम्माबाईंनी असे का केले असेल? ग्रीक त्यांना कळत नव्हते म्हणून, असे म्हणता येत नाही. ज्या बाईने अ‍ॅडमेटस लिहिला तिला हेलिऑस कोण हे सांगायला नको. माझा तर्क असा की १८८३ साली त्यांच्या डोळ्यांपुढे रोड्सचा ग्रीक नव्हता, हानुकाचा ग्रीक होता.

तो ग्रीक आपल्याही घरचा आहे, बहुधा इतर यहुद्यांपेक्षा अधिक. अँटिओकस राजाने स्वतःला एपिफानेस, म्हणजे प्रत्यक्ष प्रकट झालेला देव, असे नाव घेतले आणि इसवी सनापूर्वी १६७ साली यरुशलेमच्या मंदिरात झ्यूसची पूजा बसवली. आपले इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ साली लिहून पुरा केलेला आणि १९३७ साली तेल अवीवला छापला गेलेला जो इतिहास आहे, त्यात त्यांनी मांडले आहे की नवगावच्या किनाऱ्यावर ज्यांचे गलबत फुटले ते आपले पूर्वज याच राजाच्या छळातून निघालेले. आपल्या लोकांना हानुका ठाऊक नव्हता, हा त्यांचा एक आधार: तो सण सुरू होण्याआधीच आपण निघालो होतो. पुढच्या अभ्यासकांत यावर एकमत नाही. पण एखादा समाज आपल्या जन्मकथेत कोणाला खलनायक करतो हे बोलके असते. आपल्या कथेत तो झ्यूसचा भक्त आहे. त्या राजाची नाणी आज संग्रहालयांत पाहायला मिळतात. त्यांतल्या काहींवर त्याच्या डोक्याभोवती सूर्याचे किरण आहेत. तोच मुकुट.

म्हणून त्या किरणांच्या मुकुटाकडे पाहताना एका यहुदी बाईला आधी रोड्स आठवावे आणि मग अँटिओकस आठवू नये, हे कठीण होते. तिने पुतळ्याच्या डोक्यावरचा मुकुट कवितेत येऊच दिलेला नाही. नीट वाचून पाहावे: मशाल आहे, मशालीतली ज्योत आहे, डोळे आहेत, मुके ओठ आहेत. मुकुट नाही. जी गोष्ट शिल्पात सगळ्यांत आधी दिसते ती कवितेत नाही, याला मी योगायोग म्हणणार नाही.

ज्योतीविषयी त्या लिहितात की ती कैदेत ठेवलेली वीज आहे. टीकाकार याचा अर्थ बहुधा विजेचा दिवा असा करतात, आणि तो बरोबरच आहे. तो काळ एडिसनचा. पण वीज हे झ्यूसचे हत्यार. ते काढून घेऊन एका आईच्या हातात दिवा म्हणून दिले आहे. ग्रीक कथांत हे काम प्रोमिथियसने केले आणि त्याला डोंगराला जखडून ठेवले गेले. इथे जखडली गेली ती वीज.

आता ती आई कोण, याचे उत्तर आपल्या मासिकाचे हिब्रू पान वाचणाऱ्यांना चटकन सापडेल. शोफेतीम म्हणजे शास्ते यांच्या पुस्तकात दबोरेचा परिचय ‘एशेत लप्पिदोथ’ असा आहे. मराठी बायबलात ‘लप्पिदोथाची बायको’ असे भाषांतर आहे आणि सरळ अर्थ तोच. पण लप्पीद म्हणजे मशाल. ‘मशालींची बाई’ असाही त्या शब्दांचा अर्थ आपल्या पंडितांनी पूर्वीपासून लावला आहे. पुढच्याच अध्यायात दबोरा स्वतःला इस्राएलातली आई म्हणवते. हातात मशाल, बोलण्यात अधिकार, आणि नाव आई. एम्माबाईंनी आपल्या मूर्तीला जे नाव दिले त्याचा अर्थ देशोधडीला लागलेल्यांची आई असा होतो. यात दबोरेबरोबर यिर्मयाच्या पुस्तकातली राहेलही आहे, जी रामा गावी आपल्या परागंदा लेकरांसाठी रडते. अमेरिकन अभ्यासकांपैकी काहींनी दबोरेचा हा धागा दाखवून दिला आहे आणि मला तो पटतो. फ्रेंच मूर्तिकाराने रोमन लोकांची लिबेर्टास देवी घडवली. कवयित्रीने तिच्यावर हात फिरवला आणि ती तनाखमधली झाली. तांब्याच्या एका पत्र्यालाही धक्का न लावता! मोठ्या कवीचे काम म्हणतात ते हेच. जेम्स रसेल लोवेल या कवीने तेव्हाच एम्माबाईंना पत्राने कळवले होते की पुतळ्यापेक्षा त्यांची कविता आपल्याला अधिक आवडली.

एवढे कौतुक केल्यावर जे खटकते तेही सांगितले पाहिजे. येणाऱ्या माणसांसाठी कवितेत एक शब्द आहे, जो इंग्रजीत केरकचऱ्याला वापरतात. त्याचा बचाव करणारे म्हणतात की हा युरोपच्या तोंडचा शब्द, तिने फक्त उचलून दाखवला. असेल. पण ओळ वाचताना तो आईच्याच तोंडून येतो, आणि ‘तुमच्याकडचा कचरा मला द्या’ असे म्हणणारी आई कितीही मायेची असली तरी दारात उभ्या असलेल्या पोराच्या कानाला ते लागतेच. वॉर्ड्स आयलंडवर मदतीला जाणारी श्रीमंत सेफार्दी घरची मुलगी त्या एका शब्दात डोकावते. आपल्या लोकांना यातले काही समजावून सांगावे लागणार नाही. एरेत्झला पोचल्यावर १९६० च्या दशकाच्या आरंभी लग्नाच्या नोंदणीत आपल्या यहुदीपणाबद्दल जे विचारले गेले आणि १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेमच्या रस्त्यावर आपल्याला जे बसावे लागले, त्यानंतर दार उघडणे वेगळे आणि घरचा म्हणणे वेगळे हे आपण जाणतो. ग्रीक राक्षसाला ताठा होता म्हणून एम्माबाईंनी त्याला हाकलले. आईच्या बोलण्यात थोडा ताठा शिल्लक राहिला तो त्यांच्या लक्षात आला नाही.

म्हणूनच एम्माबाईंची उत्तम कविता कोणती असे मला कोणी विचारले तर मी या कवितेचे नाव घेणार नाही. त्यांची दुसरी एक चौदा ओळींची कविता आहे, ‘व्हीनस ऑफ द लूव्र’. तिच्यात ग्रीक देवी आहे आणि एक यहुदी आहे, आणि कोणी कोणाला हाकलत नाही.

तो यहुदी म्हणजे हाइन्रिख हाइने. जर्मन भाषेतला मोठा कवी, १७९७ चा जन्म, १८२५ साली नोकरीधंद्याच्या आशेने बाप्तिस्मा घेतलेला आणि त्याचा आयुष्यभर पस्तावा केलेला. एम्माबाईंनी त्याच्या कवितांची भाषांतरे १८८१ साली प्रसिद्ध केली होती. हाइनेने स्वतः लिहून ठेवले आहे की १८४८ च्या मे महिन्यात तो शेवटचा घराबाहेर पडला, पाय ओढत पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात गेला आणि मिलोस बेटावर सापडलेल्या व्हीनसच्या पुतळ्याच्या पायाशी कोसळून खूप रडला. ती वरून कीवेने पाहत होती, पण जणू म्हणत होती, मला हात नाहीत हे दिसत नाही का तुला, मी काय मदत करणार? त्यानंतर आठ वर्षे, मरेपर्यंत, तो अंथरुणावर होता.

एम्माबाईंच्या कवितेत त्या संग्रहालयात शिरतात, लांबवर ती देवी ताऱ्यासारखी चमकताना दिसते, काळाने तिला लुळी केली तरी तिचे रूप हरवलेले नाही. आणि मग त्यांना तिच्या पायाशी तो यहुदी दिसतो. तो मेला, पण त्याचे रडणे तिथेच राहिले आहे, ग्रीसच्या दुःखासाठी आणि इस्राएलच्या दुःखासाठी एकाच वेळी. एवढीच कविता.

आपण हानुकाचे आठही दिवस हल्लेल म्हणतो. त्यात तेहिलीमचे ११५ वे स्तोत्र येते, ज्यात मूर्तींची थट्टा आहे: तोंड असून बोलत नाहीत, हात असून चाचपत नाहीत. हाइने हे लहानपणी घरी ऐकत असणार. ज्या देवीपाशी तो रडायला गेला तिला तर हातच नाहीत. स्तोत्राचे म्हणणे तिथे शंभर टक्के खरे ठरते, आणि तरी त्या माणसाला दुसरीकडे कुठे जावेसे वाटले नाही. या कवितेत मूर्तिपूजा नाही. ती देवी काही करू शकत नाही हे कवयित्रीलाही ठाऊक आहे, रडणाऱ्यालाही ठाऊक आहे. त्या देवीचे दुबळेपण पाहून एम्माबाईंना तिच्याविषयी माया वाटली. रोड्सच्या देवाविषयी वाटली नाही, कारण तो त्यांनी ताठ उभा कल्पिला होता. खरे तर तोही साठेक वर्षांतच भूकंपाने गुडघ्यांत मोडून पडला आणि शतकानुशतके तसाच पडून होता. लोक त्याचा अंगठा पाहायला जात आणि अंगठ्याला दोन हातांची मिठीही धड बसत नसे, असे प्लिनी लिहितो. बायझंटाईन इतिहासकार थिओफानिस तर सांगतो की सातव्या शतकात अरबांनी रोड्स घेतले तेव्हा ते मोडके ब्राँझ एडेसा शहरच्या एका यहुदी व्यापाऱ्याने विकत घेतले आणि नऊशे उंटांवर लादून नेले. आजचे इतिहासकार ही कथा फारशी खरी मानत नाहीत. पण एम्माबाईंच्या कानी ती पडली असती तर कवितेचा आरंभ कदाचित वेगळा झाला असता.

इथल्या आपल्या घरांतून एक प्रश्न नेहमी विचारला जातो, म्हणून त्याविषयीही लिहितो. मुले रिक रायर्डन यांची पर्सी जॅक्सनची पुस्तके वाचतात. पहिले २००५ साली निघाले. त्यांत ऑलिंपस पर्वत न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर आहे आणि पोसायडनचा मुलगा शाळेत जातो. शब्बाथच्या दिवशी कोपऱ्यात बसून नात झ्यूसच्या भानगडी वाचते, ही अवोदा झारा नाही का, असे आजोबांना वाटते. मिश्नात याचे उत्तर आहे. रब्बान गमलिएल अक्को शहरी अफ्रोदिती देवीच्या स्नानगृहात अंघोळ करत होते. एका ग्रीकाने हटकले, तेव्हा बाहेर येऊन ते म्हणाले की मी तिच्या जागेत गेलो नाही, ती माझ्या जागेत आली. लोक काही अफ्रोदितीची शोभा म्हणून स्नानगृह बांधत नाहीत, स्नानगृहाची शोभा म्हणून अफ्रोदिती ठेवतात. पर्सी जॅक्सन हे स्नानगृह आहे. पुस्तके खुसखुशीत आहेत, पुढे पुढे लांबत जातात, आणि देव इतके विसरभोळे आणि बेजबाबदार बाप दाखवले आहेत की त्यांची कोणी भक्ती करील ही भीती नको.

आणि ज्यांना अजून शंका असेल त्यांनी, एरेत्झमध्ये राहत असाल तर, बेथ अल्फाला जाऊन यावे. १९२८ च्या अखेरीस पाण्याचा पाट खणताना किबुत्झच्या लोकांना तिथे जुन्या सिनेगॉगची फरशी सापडली, सहाव्या शतकातली. एका चौकटीत आब्राहाम इसहाकाला बांधून उभा आहे, दुसरीत पवित्र कोश आणि मनोरा आहे, आणि मधोमध, बारा राशींच्या वर्तुळात, चार घोड्यांच्या रथात हेलिऑस. डोक्याभोवती किरण. आपल्या पूर्वजांनी प्रार्थनेच्या जागी, पायांखाली का होईना, त्याला बसायला दिले होते. टिबेरियाजवळच्या हम्मातच्या सिनेगॉगमध्ये तर तो त्याहून जुना आणि देखणा आहे. सिनेगॉग हा शब्दही ग्रीक, पेसाहच्या रात्री मुले शोधतात तो अफिकोमन हा शब्दही ग्रीक. आपण कोकणात होतो तोवर सिनेगॉगला मशीद म्हणत होतो, तेव्हा या बाबतीत आपण तरी सुटलो होतो म्हणायचे!

ही कविता मराठीत कोणी आणायची ठरवली तर पहिली अडचण पुतळ्याच्या नावापाशीच येईल. मराठी वर्तमानपत्रे त्याला ‘स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा’ म्हणतात. म्हणजे एम्माबाईंनी कष्टाने काढून टाकलेली देवता आपण एका शब्दात परत बसवतो. हिब्रूत ‘पेसेल हाहेरुत’ म्हणतात, आणि पेसेल हा तर दहा आज्ञांतल्या दुसऱ्या आज्ञेतला शब्द, जे करू नको म्हणून सांगितले तेच. दुसरी अडचण आईच्या नावाची. ‘निर्वासितांची माता’ असे कोणीही पटकन करील. पण मराठीत माता म्हटले की हळदकुंकू आले, नारळ आला, तीही देवीच झाली. ‘जननी’ शाळेच्या प्रार्थनेतली. मी ‘आई’ असे लिहिले आहे आणि लिहिताना समाधान नाही, कारण आई ही एका घराची असते. अलिबागकडच्या आपल्या म्हाताऱ्या वाटेवरच्या अनोळखी पोरालाही ‘माझ्या बाय’ म्हणून जवळ घेत. त्या बोलीत ही ओळ बसेल का, हे करून पाहायला हवे.